काम केल्याचा पुरावा तुमचा, पगार दिल्याचा पुरावा मालकाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील तेवीस कामगारांच्या एका कारखान्यात आपण जून २०१८ पासून मशीन ऑपरेटर म्हणून काम करत होतात. एकूण पगार महिना १८,५०० रुपये, त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १३,००० आणि उरलेले घरभाडे व प्रवासभत्ता. सप्टेंबर २०२५ पासून पगार थांबला. मधल्या काळात एकदा ८,००० रुपये रोख आणि एकदा १०,००० रुपये फोनवरून मिळाले. अखेर ७ फेब्रुवारी २०२६ रोजी आपण राजीनामा दिलात. नेमणूकपत्र कधीच मिळाले नव्हते. पगारातून भविष्यनिर्वाह निधी कापला जात होता, पण पासबुकात मे २०२५ नंतर एकही भरणा दिसत नाही. मालक फोनवर ‘पार्टीचे पैसे अडकलेत, आले की पहिले तुझेच’ असे सांगतात आणि समोर गेल्यावर ‘तू नोटीस न देता गेलास, जॉब (मशीनवर बनवायचे भाग) खराब केलेस, उलट तूच देणे लागतोस’ असे म्हणतात. आपण विचारले आहे की हातात कागद नसताना काही करता येईल का, आणि करायचे तर कुठून सुरुवात करावी.

करता येईल, आणि आपली बाजू आपल्याला वाटते तितकी दुबळी नाही. कामगार कायद्याच्या वकिलीत इतकी वर्षे घालवल्यावर माझे मत असे झाले आहे की थकीत पगाराचे दावे पुराव्याअभावी क्वचितच बुडतात. ते बहुधा दोन कारणांनी बुडतात. कामगार मालकाच्या शब्दावर वाट पाहत राहतो आणि मुदत निघून जाते, किंवा तो नेमकी किती रक्कम, कोणत्या महिन्याची आणि कोणाकडून येणे आहे हे न मांडता केवळ अन्याय झाल्याचे सांगत बसतो. पुराव्याबाबत तर कायद्याने कामाची वाटणी करूनच दिली आहे. आपण तिथे नोकरीला होता आणि त्या दिवसांत काम केले, एवढे आपण दाखवायचे. त्या कामाचे पैसे दिले, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची असते, आणि वेतन संहिता, २०१९ या पगाराविषयीच्या नव्या कायद्याच्या कलम ५९ मध्ये हे स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. हजेरीपट, वेतन नोंदवही आणि पगारपत्रक ठेवणे हे मालकाचे कर्तव्य असल्यामुळे, ते न ठेवणारा मालक नोंद नसल्याचा फायदा सहसा उठवू शकत नाही.

म्हणून नेमणूकपत्र नाही याची खंत सोडून द्यावी. ऑगस्टपर्यंतचे पगार बँकेत जमा होत होते, तर त्या खात्याचा निदान दोन वर्षांचा उतारा बँकेकडून शिक्का मारून घ्यावा. त्यात दरमहा एकाच आस्थापनेकडून आलेली जवळपास सारखी रक्कम दिसते, आणि नोकरीचे नाते सिद्ध करण्यासाठी यापेक्षा चांगला कागद मिळणे अवघड आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकात आस्थापनेचे नाव, सांकेतांक आणि आपली रुजू होण्याची तारीख असते. कर्मचारी राज्य विमा योजनेचे कार्डही तितकेच उपयोगी ठरते. याशिवाय गेटपास, गणवेशातील ओळखपत्र, सुपरवायझरने पाळीचे वेळापत्रक टाकलेला व्हॉट्सअॅप गट, जॉब कार्डवरची आपली सही, दिवाळीला मिळालेल्या बोनसची नोंद, यांपैकी जे असेल ते एका फाइलमध्ये तारखेनुसार लावावे. मालकाचा ‘पुढच्या महिन्यात सगळे क्लिअर करतो’ असा संदेश असेल तर तो सोन्यासारखा जपावा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि मूळ फोन हाताशी असेल तर ते काम सोपे होते. कामगार केवळ स्क्रीनशॉट घेऊन येतात आणि जुना फोन मधल्या काळात एक्स्चेंजमध्ये देऊन टाकलेला असतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. निकाल लागेपर्यंत तो फोन विकू नका.

आता हिशेब. हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा, कारण अधिकाऱ्यासमोर पहिला प्रश्न ‘रक्कम किती?’ हाच येतो आणि त्या वेळी ‘साधारण लाखभर असेल साहेब’ असे उत्तर देणाऱ्याचा अर्ज तिथेच सैल पडतो. सप्टेंबर ते जानेवारी या पाच महिन्यांचे १८,५०० प्रमाणे ९२,५०० रुपये होतात. त्यातून मिळालेले १८,००० रुपये प्रामाणिकपणे वजा करावेत. रोख मिळालेले ८,००० रुपये लपवण्याचा मोह काहींना होतो, पण मालकाने एखादी सही केलेली चिठ्ठी काढली की उरलेल्या सगळ्या हिशेबावरचा विश्वास उडतो. राहिले ७४,५०० रुपये. फेब्रुवारीत आपण १ ते ७ तारखेपर्यंत काम केले आणि भोसरीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, म्हणजे ५ तारीख वगळता सहा दिवस भरले. महिन्याचे २६ दिवस धरून रोजचा दर सुमारे ७११ रुपये ५४ पैसे येतो आणि सहा दिवसांचे ४,२६९ रुपये. अशा रीतीने वेतनाची थकबाकी ७८,७६९ रुपये. निधीचा व विमा योजनेचा कामगाराचा हिस्सा आणि व्यवसाय कर या कायदेशीर कपाती अर्जात वेगळ्या दाखवाव्यात, म्हणजे आपण एकच रक्कम दोन ठिकाणी मागत आहात असा आक्षेप घेता येणार नाही. जादा तास केले असतील तर त्यांचा दर दुप्पट असतो, मात्र त्यासाठी कोणत्या तारखेला किती तास थांबलात हे सांगता आले पाहिजे. न वापरलेल्या भरपगारी रजेचे पैसेही याच यादीत येतात.

ग्रॅच्युइटी ही वेगळी बाब आहे आणि ती मागायला कामगार हमखास विसरतात. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत सलग पाच वर्षे सेवा झाली की राजीनामा दिला तरी ती मिळते. आपली सेवा सात वर्षे आठ महिने झाली. सहा महिन्यांपेक्षा जास्त झालेला तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून आठ वर्षे. शेवटचे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता १३,०००, त्याला २६ ने भागून १५ ने गुणले की वर्षाचे ७,५०० रुपये होतात, आणि आठ वर्षांचे ६०,०००. म्हणजे ज्या रकमेसाठी आपण भांडत आहात तिच्या तीन चतुर्थांशाहून मोठी रक्कम आपण हिशेबातच धरली नव्हती. ती देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यायची असते आणि उशीर झाल्यास त्यावर व्याज चढते. मालकाकडे तिच्यासाठी लेखी अर्ज करावा आणि पोच ठेवावी. त्याने दुर्लक्ष केले तर ग्रॅच्युइटीच्या प्राधिकाऱ्याकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो, तो वेतनाच्या अर्जात मिसळू नये. बोनसचेही एकदा पाहून घ्या: २०२४-२५ या हिशेबवर्षाचा किमान ८.३३ टक्के बोनस वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत, म्हणजे ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंत मिळायला हवा होता.

कायदा कोणता लावायचा, हा प्रश्न सध्या वकिलांनाही विचार करायला लावतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता अमलात आल्या आणि वेतन प्रदान अधिनियम, १९३६, किमान वेतन अधिनियम, १९४८, बोनस कायदा आणि समान मोबदल्याचा कायदा या चारांची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली. आपली थकबाकी या तारखेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहे. एक हजारांपेक्षा कमी माणसे असलेल्या कारखान्यात जुन्या कायद्यानेही पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यावा लागत असे आणि संहितेतही मासिक पगारासाठी तीच तारीख आहे. त्यामुळे सप्टेंबर व ऑक्टोबरचा पगार जुन्या कायद्याच्या काळात थकला, नोव्हेंबरपासूनचा नव्या. जुना कायदा रद्द झाला म्हणून त्या काळात निर्माण झालेला हक्क रद्द होत नाही. फरक मुदतीचा आहे. जुन्या कायद्यात दावा बारा महिन्यांत करावा लागे, संहितेत तीन वर्षे मिळतात. सप्टेंबरच्या पगाराला तीन वर्षे लागू होतात की बारा महिने, यावर मालकाचा वकील नक्की वाद घालील, आणि त्या वादात आपण शिरूच नये असे माझे मत आहे. सप्टेंबरचा पगार ७ ऑक्टोबर २०२५ पर्यंत देय होता, म्हणून सगळा अर्ज ७ ऑक्टोबर २०२६ च्या आत, खरे तर याच महिन्यात, दाखल करावा आणि त्यात जुना अधिनियम व नवी संहिता या दोन्हींचा उल्लेख करावा. मुदत प्रत्येक महिन्याच्या पगारासाठी स्वतंत्रपणे मोजली जाते, हेही इथेच लक्षात ठेवावे. ‘सगळे मिळून एकदाच मागू’ म्हणून थांबणाऱ्याचा सर्वांत जुना महिना आधी गळतो.

नव्या संहितेने दोन गोष्टी कामगाराच्या बाजूने बऱ्याच सरळ केल्या आहेत. पूर्वी मालकाने काढून टाकले तरच दोन दिवसांत हिशेब चुकता करण्याचे बंधन होते. आता राजीनामा दिलेल्यालाही कामाच्या दोन दिवसांत सर्व वेतन द्यावे लागते, म्हणजे आपल्या बाबतीत ही मुदत ९ फेब्रुवारी २०२६ रोजीच संपली. ‘फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी होते’ हे वाक्य पुष्कळ कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागात इतके रुळले आहे की कामगारही ते कायदा समजून चालतात, पण वेतनापुरता त्याला आधार नाही. दुसरी गोष्ट पगाराच्या मर्यादेची. १९३६ चा कायदा महिना २४,००० रुपयांपर्यंतच्या पगारालाच लागू होता, त्यामुळे अभियंते, लेखापाल, शिफ्ट इनचार्ज यांना दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागे. संहितेत कर्मचारी या शब्दात पर्यवेक्षक आणि व्यवस्थापकही येतात आणि वेतनाच्या दाव्याला पगाराची वरची मर्यादा नाही. आपल्याला याची गरज नाही, पण आपल्यासोबत पगार थकलेल्या सुपरवायझरला हे जरूर सांगा.

कार्यालयात गेल्यावर होणारी सगळ्यात महागडी चूक आता सांगतो. कामगार आयुक्त कार्यालयात जाऊन साध्या कागदावर दिलेली तक्रार आणि अशा दाव्यांचा निर्णय देण्यासाठी नेमलेल्या प्राधिकाऱ्यासमोर दाखल केलेला वेतनाचा दावा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तक्रार दिल्यावर सरकारी कामगार अधिकारी मालकाला बोलावतात, समजावतात, तारखा देतात. मालक पहिल्या तारखेला येत नाही, दुसऱ्या तारखेला त्याचा सल्लागार येऊन वेळ मागतो, तिसऱ्या तारखेला ‘पुढच्या महिन्यात देऊ’ असे लिहून देतो. समेट घडवणाऱ्या अधिकाऱ्याला पैसे देण्याचा आदेश काढण्याचा अधिकारच नसतो, आणि अशा तक्रारीमुळे दाव्याची मुदत थांबत नाही. वर्षभर त्या जिन्यावर चढ-उतार करून आलेले कामगार ‘माझी केस चालू आहे’ असे सांगतात आणि फाइल उघडली की त्यात दावाच नसतो. समेट निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. निम्म्याहून अधिक मालक पत्र आल्यावर काही ना काही देतात, हा माझा अनुभव आहे. परंतु तक्रार आणि दावा एकाच आठवड्यात द्यावेत, आणि समेटाची बोलणी दाव्याच्या जोडीने चालू राहू द्यावीत.

पुण्यात अप्पर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन आपल्या भागातील वेतनाच्या दाव्यांसाठी कोणता प्राधिकारी नेमलेला आहे, ते आधी विचारून घ्यावे. अर्ज मराठीत चालतो. कर्मचारी स्वतः, तो ज्या संघटनेचा सभासद आहे ती संघटना किंवा निरीक्षक, यांपैकी कोणीही दावा करू शकतो, आणि एका आस्थापनेतील कितीही कामगारांसाठी मिळून एकच अर्ज करता येतो. आपल्याबरोबरच्या आणखी काही जणांचा पगार थकला असेल तर ही वाट मी नेहमी सुचवतो, कारण एकट्या कामगाराला मालक ‘चुकीचा माणूस’ ठरवू शकतो, आठ जणांना तसे ठरवणे जड जाते. जे अजून तिथे कामाला आहेत त्यांना भीती वाटणे स्वाभाविक आहे. त्यांच्यासाठी संघटनेने किंवा निरीक्षकाने दावा करणे अधिक सोयीचे पडते. संहितेच्या कलम ४५ प्रमाणे प्राधिकारी थकीत रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत नुकसानभरपाई देऊ शकतो आणि तीन महिन्यांत निर्णय देण्याचा प्रयत्न करावा असे म्हटले आहे. दहापट हा आकडा ऐकून आशा वाढवून घेऊ नये. ती कमाल मर्यादा आहे, आणि मालकाने जाणूनबुजून छळ केल्याचे दिसल्याशिवाय प्राधिकारी तिच्या जवळपासही जात नाहीत. भरपाई मागावी मात्र जरूर, आणि ती का मागतो याचे कारण लिहावे: कर्जाचा हप्ता चुकला, मुलाची फी उसनवारीवर भरली, हे तारखांसह.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि दिव्यांग यांच्याबरोबर औद्योगिक कामगारही मोफत विधी साहाय्याला पात्र धरलेला आहे, तोही उत्पन्नाची अट न लावता. ही तरतूद कामगारांना तर नाहीच, बऱ्याच वकिलांनाही आठवत नाही.

मालकाच्या बचावाकडे वळू. ‘जॉब खराब केले’ हे कारण जवळजवळ प्रत्येक दाव्यात येते. नुकसानीपोटी कपात करता येते, परंतु ते नुकसान कामगाराच्या हयगयीने झालेले असावे लागते, कपात नुकसानीच्या रकमेपेक्षा जास्त असता कामा नये आणि आधी कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिलेली असली पाहिजे. आपल्याला तशी एकही लेखी सूचना आलेली नसेल, तर राजीनाम्यानंतर आठवलेल्या नुकसानीला कोणी फार किंमत देत नाही. सर्व प्रकारच्या कपाती मिळून एका महिन्याच्या वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ शकत नाहीत, ही मर्यादाही आहेच. नोटिशीबद्दल म्हणाल, तर ती अट कुठे लिहिली आहे असे विचारावे. ज्याने नेमणूकपत्रच दिले नाही त्याला त्यातली अट दाखवता येत नाही. शिवाय पाच महिने पगार न देणाऱ्याने एका महिन्याच्या नोटिशीचा आग्रह धरावा, हे प्राधिकाऱ्यालाही खटकते.

‘हा माझा कामगार नव्हे, कंत्राटदाराचा’ असा बचाव आपल्या बाबतीत येणार नाही असे दिसते, तरी वसाहतीत तो इतका सर्रास घेतला जातो की दोन वाक्ये लिहितो. कंत्राटदाराने पगार दिला नाही तर मुख्य मालकाने तो द्यायचा आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायचा, ही व्यवस्था १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि नव्या संहितांतही आहे. म्हणून अशा दाव्यात दोघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध दावा आहे ते) करावे, एकालाच करून नंतर पस्तावू नये.

निधीचा प्रश्न वेगळ्या दारात न्यावा लागतो. पगारातून कापलेला हिस्सा पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरायचा असतो. जून ते ऑगस्ट २०२५ या तीन महिन्यांत आपल्याला पगार मिळाला, त्यातून कपात झाली आणि भरणा झाला नाही, हे तीन महिने सगळ्यात गंभीर आहेत. कापून घेतलेली रक्कम न भरणे हा फौजदारी विश्वासघात मानला जातो आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खालील स्पष्टीकरणात त्याचा थेट उल्लेख आहे. पगार थकला म्हणून पोलीस ठाण्यात गेल्यास ‘दिवाणी बाब आहे’ असे उत्तर मिळते आणि ते बव्हंशी बरोबरही असते. कपात करून न भरलेल्या निधीबाबत मात्र तसे नाही. तरीही मी आधी भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या तक्रार पोर्टलवर पासबुक आणि बँक उतारा जोडून तक्रार करण्याचा सल्ला देईन. निधी कार्यालय एकट्या आपल्या खात्यापुरते थांबत नाही, ते सगळ्या आस्थापनेची चौकशी लावू शकते, व्याज व दंडात्मक रक्कम बसवू शकते आणि बँक खातीही गोठवू शकते. त्यामुळे पगारासाठी फोन न उचलणारा मालक निधीची नोटीस आल्यावर स्वतःहून फोन करतो, असे घडताना मी पाहिले आहे.

तो फोन आला की सांभाळून राहावे, कारण पुढचे नुकसान बहुधा तडजोडीतच होते. मालक तीस हजार रुपये पुढे करतो आणि एका कागदावर सही मागतो, ज्यावर ‘माझा सर्व हिशेब पूर्ण मिळाला, यापुढे काही येणे नाही’ असे छापलेले असते. घरात पैसा नसताना ती सही करू नका असे सांगणे सोपे आहे आणि पाळणे अवघड, याची मला कल्पना आहे. म्हणून पैसे घ्यावेत, पण पावतीवर आपल्या हाताने ‘थकीत वेतनापैकी अंशतः रक्कम, उर्वरित हक्क राखून’ असे लिहावे आणि तिचा फोटो काढावा. कोऱ्या कागदावर, कोऱ्या व्हाउचरवर किंवा मागील तारखेच्या राजीनाम्यावर सही कधीही करू नये. हप्त्यांनी देतो म्हटल्यास नकार देण्याचे कारण नाही, फक्त तो करार कारखान्याच्या केबिनमध्ये न करता समेट अधिकाऱ्यासमोर लेखी करावा, त्यात प्रत्येक हप्त्याची तारीख असावी आणि एक हप्ता चुकल्यास सगळी उर्वरित रक्कम लगेच देय होईल असे कलम घालावे. असा करार मोडला तर पुन्हा मुळापासून वाद घालावा लागत नाही, त्यावर थेट वसुलीचा दाखला मागता येतो.

धनादेश दिले तर तेही घ्यावेत. न वटलेला धनादेश पगाराच्या दाव्यापेक्षा कधी कधी लवकर पैसे मिळवून देतो, मात्र त्याच्या तारखा कडक आहेत. धनादेशावरील तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत भरावा, परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत मालकाला लेखी नोटीस द्यावी, नोटीस मिळाल्यापासून त्याला पंधरा दिवस मिळतात, आणि ते संपल्यानंतर एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्याकडे परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली तक्रार दाखल करावी लागते. ‘आता भरू नका, खात्यात पैसे नाहीत, पुढच्या आठवड्यात भरा’ असे सांगत तीन महिने घालवण्याची युक्ती जुनी आहे.

आदेश आपल्या बाजूने झाला तरी पैसे हातात येतातच असे नाही, आणि याची तयारी पहिल्या दिवसापासून करावी लागते. मालकाने आदेश पाळला नाही तर प्राधिकारी जिल्हाधिकाऱ्यांना वसुलीचा दाखला पाठवतो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल केली जाते. प्रत्यक्षात ते प्रकरण तहसीलदारांच्या टेबलावर जाते आणि तिथून प्रश्न येतो की जप्त काय करायचे. शेड भाड्याची असते, यंत्रांवर बँकेचा बोजा असतो, आणि मधल्या वर्षात नवे नाव घेऊन भावाच्या किंवा पत्नीच्या नावे दुसरी फर्म उभी राहिलेली असते. म्हणून आजच वस्तू व सेवा कराच्या पोर्टलवर त्या आस्थापनेचा क्रमांक टाकून पाहावे, जो जुन्या चलनावर किंवा गेटवरच्या पाटीवर मिळेल. त्यात कायदेशीर नाव आणि ती एकल मालकी आहे, भागीदारी आहे की खासगी कंपनी, हे कळते. एकल मालकी असेल तर मालकाचे घर, गाडी, गावाकडची जमीन यांच्यापर्यंत वसुली पोहोचू शकते, भागीदारीत प्रत्येक भागीदार जबाबदार असतो, कंपनी असेल तर प्रामुख्याने कंपनीच्या मालमत्तेवरच भिस्त ठेवावी लागते. आपल्या बँक उताऱ्यात पगार ज्या खात्यातून आला त्याचा तपशील असतो, तो अर्जात लिहावा. कारखाना ज्या मोठ्या कंपनीला माल पुरवत होता तिचे नावही लिहून ठेवावे, कारण तिच्याकडून येणे असलेली बिले ही त्या मालकाची बहुधा एकमेव जिवंत मालमत्ता असते. तहसील कार्यालयात जप्तीयोग्य मालमत्तेची यादी घेऊन जाणाऱ्या कामगाराचे काम पुढे सरकते, रिकाम्या हाताने जाणाऱ्याची फाइल खाली जाते.

कंपनी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे दिवाळखोरीत गेली तर वाट बदलते. त्या वेळी वृत्तपत्रात जाहीर सूचना येते आणि तिच्यातील मुदतीत नमुना ‘डी’ मध्ये आपला दावा ती प्रक्रिया चालवण्यासाठी नेमलेल्या व्यावसायिकाकडे पाठवावा लागतो. अवसायनात, म्हणजे कंपनी गुंडाळून तिची मालमत्ता विकताना, कामगारांची मागील चोवीस महिन्यांची देणी तारण असलेल्या धनकोंच्या बरोबरीने धरली जातात, आणि भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटी निधीची रक्कम तर विकायच्या मालमत्तेत मोडतच नाही. आपल्या कारखान्याबद्दल अजून तसे काही ऐकिवात नसेल, तर याची चिंता आज करू नये.

क्रम असा ठेवावा. या आठवड्यात बँकेचा उतारा आणि निधीचे पासबुक काढावे. थकबाकीचा महिनेवार तक्ता आणि ग्रॅच्युइटीची मागणी अशी दोन स्वतंत्र पत्रे मालकाला स्पीड पोस्टने पाठवून उत्तरासाठी पंधरा दिवस द्यावेत. ती पत्रे साध्या मराठीत असावीत, त्यांत राग किंवा धमकी नसावी, कारण पुढे तीच पत्रे अर्जाला जोडायची आहेत. निधीची तक्रार त्याच दिवशी पोर्टलवर करावी, तिच्यासाठी उत्तराची वाट पाहायची गरज नाही. सोळाव्या दिवशी वेतनाचा दावा दाखल करून त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. ग्रॅच्युइटीची तीस दिवसांची मुदत उलटली की तिचाही अर्ज द्यावा. सहकाऱ्यांपैकी कोणी यायला तयार असतील तर त्यांना दावा दाखल होण्यापूर्वी आपापला हिशेब घेऊन बसवावे, आणि प्रत्येकाचा हिशेब त्याच्याच बँक उताऱ्यावरून मांडावा, आठवणीवरून नव्हे.